बरें होणें म्हणजे काय?

मराठी भाषेंत आजाराला दोन शब्द आहेत, आणि ते एकाच अर्थाचे आहेत असें समजून आपण ते हवे तसे वापरतों. एक 'रोग' आणि दुसरा 'दुखणें'. परंतु थोडें थांबून पाहिलें तर या दोन शब्दांतून एकाच अवस्थेकडे दोन वेगळ्या बाजूंनीं पाहिलेलें आढळेल. रोगाला नांव असतें, निदान असतें, कारण असतें, औषध असतें; तो ओळखणें हें वैद्याचें काम. दुखणें मात्र ज्याचें त्याचें असतें; तें त्याचें त्याला कळतें, आणि इतरांना तें त्याच्या सांगण्यावरूनच समजावयाचें. 'ज्याचें जळतें त्याला कळतें' ही म्हण दुखण्याविषयीं आहे, रोगाविषयीं नाहीं. बहुतेक वेळां रोग आणि दुखणें हीं बरोबरच येतात व बरोबरच जातात, म्हणून त्यांतला भेद आपल्या लक्षांत येत नाहीं. पण कधीं कधीं असें घडतें कीं, रोग गेला म्हणून वैद्य निरोप देतो आणि दुखणें मात्र घरांत तसेंच राहतें. अशा वेळीं मनुष्य बरा झाला असें कोणीं म्हणावयाचें, वैद्यानें कीं रोग्यानें? आणि दोघांचें जमलें नाहीं तर घरच्या माणसांनीं कोणाचें ऐकावें? प्रश्न दिसावयास वैद्यकाचा आहे; परंतु त्याचा खरा गाभा नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच त्याचा येथें विचार करण्याचें योजिलें आहे.

निव्वळ तात्त्विक चर्चेंत असे प्रश्न निसटून जातात. म्हणून एक उदाहरण हातीं धरून चालणें बरें. आम्हीं घेतलेलें उदाहरण डुकराच्या मांसांतून मनुष्याच्या स्नायूंत शिरणाऱ्या एका कृमीचें आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत त्या मांसाला प्रवेश नसेल, आणि आपल्या देशांत हा विकार विरळाच आढळतो. त्यामुळें हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जें उदाहरण आपल्या अंगाला लागून नसतें त्याचाच विचार समतोल बुद्धीनें करतां येतो. आणि एकदां न्याय ठरला म्हणजे तो आपल्या घरीं लावून पाहण्याचें धैर्यहि येतें. शेवटीं आम्ही घरींच परत येणार आहोंत.

१८३५ सालीं लंडन येथील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत जेम्स पॅजेट नांवाचा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी शवविच्छेदनाच्या वेळीं हजर होता. प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढुरके कण दिसत होते. असे कण पूर्वींहि इतरांनीं पाहिले होते. त्यांवर सुरीची धार बोथट होते, एवढीच काय ती त्यांची तक्रार होती. पॅजेटला मात्र ते कण म्हणजे आहेत तरी काय, हें पाहावेंसें वाटलें. हाताशीं चांगलें सूक्ष्मदर्शक यंत्र नसल्यामुळें तो ब्रिटिश म्यूझियममध्यें रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेला, आणि त्यांच्या यंत्राखालीं त्यानें पाहिलें, तों त्या कणांत एक सूक्ष्म कृमि वेटोळें घालून बसलेला! त्याच वर्षीं रिचर्ड ओवेन यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करून त्याला 'ट्रिकिना स्पायरॅलिस' असें नांव दिलें. 'ट्रिकिना' हें नांव माशीच्या एका जातीला आधींच दिलेलें असल्यामुळें पुढें १८९५ सालीं त्याचें 'ट्रिकिनेला' झालें. १८४६ सालीं फिलाडेल्फिया येथील जोसेफ लायडी यांना तसेच कण डुकराच्या मांसांत आढळले.

येथपर्यंतची कथा शोधकांच्या कौतुकाची आहे; परंतु आमचें लक्ष यापुढील पंचवीस वर्षांकडे जातें. १८३५ पासून १८६० पर्यंत युरोपांतील उत्तमोत्तम शारीरशास्त्रज्ञांना हा कृमि ठाऊक होता, आणि तरीहि तो निरुपद्रवी आहे, केवळ एक गमतीची वस्तु आहे, असाच बहुतेकांचा समज होता. या समजाला कारणहि होतें. ज्यांच्या शरीरांत तो आढळे तीं माणसें क्षयानें किंवा दुसऱ्या एखाद्या विकारानें मेलेलीं असत. कृमीभोवतीं कवच झालेलें असे, त्या कवचांत चुना सांचलेला असे. जणुं शरीरानें शत्रूला केव्हांच चिरेबंदी कोठडींत टाकून दिलें होतें. दुसऱ्या बाजूला त्याच काळांत त्याच शहरांतून ताप, डोळ्यांभोंवतीं सूज, आणि हात हलवतां येऊं नये इतकी स्नायूंची वेदना घेऊन माणसें वैद्यांकडे येत होतीं. त्यांना विषमज्वर किंवा आमवात ठरवून औषध दिलें जात होतें. मेलेल्यांच्या शरीरांत कृमि दिसत होता, पण मेलेले बोलत नव्हते. जिवंत बोलत होते, पण त्यांच्या शरीरांतला कृमि दिसत नव्हता. या दोहोंची गांठ घालून देणारा कोणी भेटेपर्यंत पाव शतक लोटलें.

ती गांठ १८६० च्या जानेवारींत ड्रेस्डेन शहरीं पडली. सुमारें वीस वर्षांची एक मोलकरीण विषमज्वराच्या संशयानें रुग्णालयांत आली आणि थोड्याच दिवसांत मरण पावली. तिच्या स्नायूंची तपासणी करतांना फ्रीड्रिख झेंकर यांना कवच न झालेले, ताजे असे असंख्य कृमि आढळले. झेंकर तेवढ्यावर थांबले नाहींत. ती ज्या घरीं कामाला होती तेथें नाताळच्या सुमारास डुक्कर मारलें होतें असें त्यांना कळलें. त्या मांसाचे शिल्लक राहिलेले तुकडे त्यांनीं तपासले, त्यांत तोच कृमि निघाला. आणि तें मांस खाल्लेलीं इतर माणसेंहि त्या दिवसांत आजारी पडलीं होतीं असें चौकशींत आढळून आलें. निरुपद्रवी म्हणून ज्याला पंचवीस वर्षें सोडून दिलें होतें तो प्राणघातक ठरला. ज्या मुलीच्या दुखण्यानें हें सिद्ध झालें तिला स्वतःला त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं, हें निराळें सांगावयास नकोच.

यानंतर जर्मनीतील एकामागून एक गांवें उघडकीस आलीं. १८६५ सालीं हेडर्सलेबेन या सुमारें दोन हजार वस्तीच्या गांवांत ३३७ माणसें आजारी पडलीं व त्यांतलीं १०१ दगावलीं. कच्चें किंवा अर्धवट शिजलेलें मांस खाण्याची त्या भागांत रीत होती. रुडॉल्फ फिर्खो यांच्यासारख्या थोर वैद्यांनीं लोकांसाठीं पुस्तकें लिहिलीं, सरकारकडे तगादा लावला. पुढील काळांत प्रशियांत डुकराचें मांस सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची सक्ति झाली, आणि त्यासाठीं हजारों तपासनीस नेमले गेले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासांत हें एक यशस्वी प्रकरण समजलें जातें, आणि तें रास्तच आहे. परंतु इतिहासांत हेडर्सलेबेनचें नांव निघालें म्हणजे जो आंकडा येतो तो १०१ चा. ३३७ मधून १०१ वजा केले तर २३६ उरतात. त्यांचा समावेश 'वांचले' या एका शब्दांत होतो. वांचणें आणि बरें होणें यांत अंतर आहे काय, हाच आमचा प्रश्न असल्यामुळें या २३६ जणांकडे वळणें आम्हांला भाग आहे.

हा कृमि शरीरांत काय करतो हें आतां चांगलें समजलेलें आहे. मांसाबरोबर पोटांत गेलेल्या अळ्या पाचकरसानें मोकळ्या होतात, लहान आंतड्यांत थोड्याच दिवसांत वाढून प्रौढ होतात, आणि तेथें एकेक मादी शेंकडों पिलें प्रसवते. हीं पिलें रक्तावाटे सर्व शरीरभर जातात, आणि हाडांना हलविणाऱ्या स्नायूंत शिरून तेथें कायमचें ठाणें देतात. स्नायूच्या ज्या तंतूंत कृमि शिरतो तो तंतु आपला स्वतःचा धर्म सोडतो. आकुंचन पावणें हें त्याचें काम. तें बंद होऊन तो त्या पाहुण्याचा पोशिंदा बनतो. त्याच्याभोंवतीं कवच येतें, आणि त्या कवचाभोंवतीं नवीन रक्तवाहिन्यांचें जाळेंहि विणलें जातें. ज्याला शोधकांनीं कोठडी समजलें होतें तें वास्तविक शरीराच्याच खर्चानें बांधलेलें आणि कृमीच्या सोयीचें घर होतें. त्यांत तो वर्षानुवर्षें जिवंत राहूं शकतो. हळूहळू कवचांत चुना धरतो, कृमि मरतो, आणि पॅजेटनें पाहिला तसा कण मागें राहतो.

मनुष्यांत याचें फळ असें. पहिल्या कांहीं दिवसांत पोटाचे विकार. मग ताप, डोळ्यांभोंवतीं सूज, स्नायूंची तीव्र वेदना. हृदयाला किंवा मेंदूला झळ पोंचली तर मृत्यूहि येतो, आणि वांचलेल्यांतहि कायमची हानि राहूं शकते. परंतु बहुसंख्य लोकांचा ताप उतरतो, सूज ओसरते, आणि एकदोन महिन्यांत ते हिंडूंफिरूं लागतात. येथें रोग संपला. मात्र त्यांतल्या कांहींना स्नायूंचें दुखणें, लवकर येणारा थकवा, जिना चढतांना पाय भरून येणें, अशा तक्रारी महिनेच्या महिने राहतात, आणि थोड्यांच्या बाबतींत त्या वर्षानुवर्षें चालतात. कृमीवर आज औषधें आहेत, पण तीं कृमि आंतड्यांत असेपर्यंत चांगलीं लागू पडतात. एकदां तो स्नायूंत घर करून बसला म्हणजे त्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून रोग्याच्या पहिल्या आठवड्यांतील तक्रारीकडे कानाडोळा करणें हें केवळ निष्ठुरपणाचें नाहीं, तें पुढील सर्व काळाच्या हानीचेंहि कारण होतें.

आतां या मागें राहिलेल्या तक्रारींविषयीं वैद्यांमध्यें एकवाक्यता नाहीं. कांहीं म्हणतात, कृमीचे कोश स्नायूंत आहेत, तेव्हां वेदना त्यांचीच. दुसरे म्हणतात, इतकीं वर्षें लोटल्यावर थकवा व अंगदुखी यांना हजार कारणें असूं शकतात. वय आहे, काळजी आहे, दुसरे विकार आहेत. रक्ताची परीक्षा केली तर कृमीच्या संसर्गाची खूण अनेक वर्षें टिकते, म्हणून ती खूण आजच्या वेदनेचा पुरावा होऊं शकत नाहीं. या दुसऱ्या पक्षाच्या हातीं एक बळकट शस्त्रहि आहे. १९३६ ते १९४१ या काळांत अमेरिकेंत मृतांच्या उदरपटलाच्या स्नायूंची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली, तेव्हां सुमारें सहाव्या हिश्शाच्या शरीरांत हा कृमि आढळला. म्हणजे कोट्यवधि माणसें तो अंगांत बाळगून जगत होतीं, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यांत त्याची वार्ताहि नव्हती. (मांस पूर्ण शिजविणें, गोठविणें व डुकरांना कच्चें खरकटें न घालणें या उपायांनीं तें प्रमाण पुढें १९७० च्या सुमारास शेंकडा चारांवर आलें.) कृमि असून दुखणें नाहीं, अशीं इतकीं माणसें असतांना, दुखणें आहे म्हणून तें कृमीचेंच असें कसें म्हणावें?

हा आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करूनच आम्ही पुढें जातों. परंतु या आक्षेपानें नेमकें काय सिद्ध होतें तें बारकाईनें पाहिलें पाहिजे. त्यानें एवढेंच सिद्ध होतें कीं, कृमि ही एक गोष्ट आहे आणि दुखणें ही दुसरी. एकावरून दुसऱ्याचें अनुमान सरळ करतां येत नाहीं. पण मग हा न्याय दोन्हीकडे लागला पाहिजे. कृमि सांपडला म्हणून मनुष्य दुःखी आहे असें ठरत नसेल, तर कृमि सांपडला नाहीं म्हणून तो दुःखी नाहीं असेंहि ठरत नाहीं. व्यवहारांत मात्र आपण पहिला अर्धा भाग पंडितांच्या हवालीं करतों आणि दुसऱ्या अर्ध्या भागाच्या बाबतींत बिनदिक्कत उलट वागतों. 'सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या, तुम्हांला कांहींएक झालेलें नाहीं' हें वाक्य आपल्यापैकीं कोणीं ऐकलें नाहीं? त्या वाक्याचा पूर्वार्ध ज्ञानाचा आहे. उत्तरार्ध त्या ज्ञानांतून निघत नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें सांगतांना प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर शब्द हेंहि प्रमाण मानलें, आणि त्याला अट घातली कीं तो शब्द आप्ताचा असावा. ज्याला वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जशी ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. चार्वाकांनीं प्रत्यक्षाखेरीज सर्वच नाकारलें. आम्हांस वाटतें कीं, यंत्रांच्या साहाय्यानें शरीराचें आंतलें प्रत्यक्ष दिसूं लागल्यापासून रोग्याच्या बिछान्याशीं आपण सर्वच थोडेफार चार्वाक झालों आहोंत. जें चित्रांत उमटलें तें खरें, न उमटलें तें मनाचें. पण दुसऱ्याची वेदना ही अशी वस्तु आहे कीं, जिचें प्रत्यक्ष आपणांस कधींच होणार नाहीं. तेथें आप्त म्हणून एकच साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे ज्याला ती होते तो. त्याचा शब्द टाकला तर त्या जागीं दुसरें प्रमाण आपल्याजवळ उरत नाहीं. उरतो तो आपला ग्रह.

मात्र आप्ताची मर्यादाहि ओळखली पाहिजे. 'मला दुखतें' हें सांगण्याचा अधिकार रोग्याचा, आणि त्यांत वैद्यानें त्याला खोटें पाडूं नये. 'मला अमक्या कृमीमुळें दुखतें' हें सांगण्याचा अधिकार रोग्याला केवळ दुखण्यानें मिळत नाहीं, आणि त्यांत वैद्यानें त्याला दुरुस्त करावें. पुष्कळसे कलह या दोन वाक्यांच्या घोटाळ्यांतून होतात. वैद्य कारण नाकारतो, रोग्याला वाटतें वेदना नाकारली. मग तो कारणालाच घट्ट चिकटून बसतो, कारण तें सोडलें तर आपलें दुखणेंच खोटें ठरेल असें त्याला भय असतें. वैद्यानें जर म्हटलें, 'तुम्हांला दुखतें यांत मला शंका नाहीं; तें कशानें दुखतें हें मला सांगतां येत नाहीं,' तर त्याची विद्वत्ता कमी होत नाहीं आणि रोग्याला नसत्या कारणाचा आधार घ्यावा लागत नाहीं.

येथें व्यवहारी मनुष्य विचारील कीं, असा सर्वांवर विश्वास ठेवूं लागलों तर कामचुकारांचें फावेल, त्याची वाट काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पगारी रजा, निवृत्तिवेतन, नुकसानभरपाई, हीं सर्व कोणाच्या तरी कष्टांतून येतात, आणि खोटें दुखणें सांगून तीं लाटणारा दुसऱ्याच्या तोंडचा घांस काढतो. तथापि दोन चुकांची तुलना करून पाहावी. लबाडावर विश्वास ठेवला तर कांहीं पैसा व थोडें काम बुडतें. तें दहा जणांत वांटलें जातें आणि पुढेंमागें भरूनहि निघतें. खऱ्यावर अविश्वास दाखवला तर त्याचा सर्व भार एकट्या त्याच्यावर पडतो, आणि तोहि अशा वेळीं कीं, त्याला उचलण्याची शक्ति त्याच्यांत सर्वांत कमी असते. शिवाय अविश्वासानें तो आपल्याच अनुभवाविषयीं साशंक होतो. आपल्याला खरोखर दुखतें कीं आपण सोंग करतों, हें त्याचें त्यालाच कळेनासें होतें. पहिली चूक खिशाची आहे, दुसरी मनुष्याच्या स्वत्वावरचा घाला आहे. दोहोंपैकीं एक करणें अटळच असेल तर कोणती करावी, याविषयीं आम्हांस संशय वाटत नाहीं.

अविश्वासाच्या मुळाशीं आणखी एक गोष्ट असते, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. ज्याचें दुखणें त्याच्याच करणीचें असें आपण ठरवतों, त्याला सहानुभूति देतांना आपला हात आखडतो. 'असलें खाल्लें म्हणून झालें' हें म्हणणें किती सोपें! परंतु १९७५ पासून पुढें फ्रान्स देशांत याच कृमीच्या ज्या सांथी आल्या, त्यांतल्या कित्येक घोड्याच्या मांसांतून आल्या. घोडा तर गवत खाणारा प्राणी, त्याच्या मांसांत हा कृमि असेल ही शंका कोणाला येणार? आणि डुकराशींच संबंध असलेला दुसरा एक कृमि, चपट्या जातीचा, आपल्या देशांत मुबलक आहे. त्याचीं अंडीं अस्वच्छ हातांतून, पाण्यांतून किंवा न धुतलेल्या भाजींतून पोटांत जातात, आणि त्यांचे कोश स्नायूंत व मेंदूंत होतात. ज्यानें जन्मांत मांसाला स्पर्श केला नाहीं अशा मनुष्यालाहि त्यापासून फेफरें येऊं शकतें. शुद्ध आहाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या दुसऱ्या कृमीच्या इतिहासांत आमच्या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ लिहून ठेवलेलें आहे. हिंदुस्थानांत नोकरी करून मायदेशीं परत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकीं कित्येकांना कांहीं वर्षांनीं फेफरें येऊं लागलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लष्करी वैद्यांनीं या प्रकरणाचा छडा लावला, आणि १९६१ सालीं डिक्सन व लिप्सकोम यांनीं अशा ४५० रोग्यांची समग्र हकीकत प्रसिद्ध केली. कृमि मरून त्याच्या कोशांत चुना धरला म्हणजे मांडीच्या स्नायूंत ते क्ष-किरणांच्या चित्रांत लहान लहान रेघांसारखे दिसतात. त्या रेघा पाहिल्यावर झटक्यांचें कारण उघड होई. आतां विचार करा. चित्र निघण्यापूर्वींच्या दिवशीं त्या सैनिकाचें दुखणें आणि चित्र निघाल्यानंतरच्या दिवशींचें दुखणें, यांत काय फरक पडला? त्याच्या बाजूला कांहींच नाहीं. फरक पडला तो पाहणाऱ्यांच्या मनांत. पुरावा हातीं आल्यानें वेदना खरी होत नाहीं. ती आधींच खरी असते, आपण उशिरा जागे होतों. मग ज्यांच्या वेदनेचा पुरावा आज नाहीं, त्यांच्यापैकीं कोणाचा उद्यां सांपडेल हें आज कोणीं सांगावें? १८५९ सालीं विषमज्वर किंवा आमवात ठरवलेल्या माणसांची गोष्ट १८६० सालीं पालटली, हें आपण वर पाहिलेंच.

आतां घरीं येऊं. २००६ सालीं महाराष्ट्रांत चिकुनगुन्याची मोठी सांथ आली होती, ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. आमच्या एका काकूंना त्या वेळीं तो ताप आला. चारपांच दिवसांत ताप उतरला; डॉक्टरांनीं आतां काळजीचें कारण नाहीं म्हणून सांगितलें; आणि घर पूर्वीसारखें चालूं लागलें. सांधे मात्र राहिले. सकाळीं बोटें मिटत नसत, कणीक तिंबतांना त्या मध्येंच हात परातींत तसाच ठेवून थांबत, पाट घेऊन जमिनीवर बसणें तर त्यांनीं सोडूनच दिलें. दोन महिने घरांतल्यांनीं चौकशी केली. मग चौकशीचा सूर बदलला. 'ताप तर केव्हांच गेला ना?' असें कोणी विचारी, आणि त्या प्रश्नांत उत्तर आधींच भरलेलें असे. आम्हीहि तें विचारणाऱ्यांत होतों, हें कबूल केलें पाहिजे. काकूंनीं वर्षभरानें सांगणेंच बंद केलें, आणि आम्हीं सर्वांनीं त्याचा अर्थ त्या बऱ्या झाल्या असा सोयिस्करपणें लावला. त्या तापानंतर सांधे महिनोन्महिने, कधीं वर्षानुवर्षें दुखत राहतात, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. परंतु आमच्या वर्तनाचें समर्थन त्या वेळच्या आमच्या अज्ञानानें होत नाहीं. कारण आम्हांला वैद्यकाचें ज्ञान नव्हतें हें खरें असलें, तरी परातींत थांबलेला हात आमच्या डोळ्यांसमोर होता. २०२० च्या महामारीनंतर तर असे थांबलेले हात घरोघर दिसूं लागले, आणि पुष्कळ घरांत तोच प्रश्न त्याच सुरांत विचारला गेला.

तर मग बरें होणें म्हणजे काय? आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव, असें शब्दाच्या फोडीवरून म्हणावें तर वर पाहिलेलीं सर्व माणसें निरोगी ठरतात, आणि त्यांच्यावर अन्याय होतो. उलट जागतिक आरोग्य संघटनेनें १९४८ पासून स्वीकारलेल्या व्याख्येप्रमाणें शरीर, मन व समाज या तिन्ही बाबतींत संपूर्ण सुस्थिति म्हणजे आरोग्य, असें म्हणावें तर तुम्हीं आम्हीं कोणीच एक दिवसहि निरोगी नाहीं. सुश्रुतानें स्वस्थ मनुष्याचें लक्षण सांगतांना शरीरांतील दोष व धातु यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रियें आणि मन यांची प्रसन्नताहि त्यांत घातली आहे, ती विचार करण्यासारखी आहे. कारण साम्य वैद्याला पाहतां येतें, पण प्रसन्नता ज्याची त्यालाच सांगावी लागते. 'स्वस्थ' या शब्दाचाहि अर्थ स्वतःच्या ठिकाणीं असलेला असाच आहे. मनुष्य आपल्या पूर्वीच्या जागीं, आपल्या कामांत, आपल्या माणसांत परत येऊन बसला म्हणजे तो बरा झाला. आणि परत आलों कीं नाहीं हें जो वाटेंत आहे त्याला विचारल्याखेरीज कळावयाचें नाहीं. शरीर कधीं कधीं शत्रूला हांकलून देत नाहीं, त्याला पोटांत घेऊन त्याच्यासह जगावयास शिकतें. अशा मनुष्याला पूर्वीचें सर्व परत मिळेलच असें नाहीं. परंतु जें उरलें त्यांत नवीन जागा करून घेण्यास त्याला वेळ व सवड मिळाली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें रोगी जन्माचा रोगीच होऊन बसेल. घरच्यांनीं फार कुरवाळलें म्हणजे मनुष्य आपल्या दुखण्यांतच घर करतो. यांत तथ्य आहे. कृमीनें स्नायूच्या तंतूला आपला धर्म सोडावयास लावावें, तसें दुखण्यानें सगळ्या आयुष्याला आपला धर्म सोडावयास लावूं नये, हें पाहणें आप्तांचें कर्तव्यच आहे. पण तें कर्तव्य दुखणें नाकारून पार पडत नाहीं. ज्याचें दुखणें मान्य झालें आहे तोच त्याच्यावरून लक्ष काढून दुसरीकडे लावूं शकतो. ज्याचें मान्य झालें नाहीं त्याला तें सिद्ध करण्यांतच दिवस घालवावे लागतात.

काकू आतां सत्तरीच्या पुढें आहेत. गेल्या दिवाळींत त्यांच्याकडे गेलों असतां आम्हीं त्यांना, ताप गेला कीं नाहीं हें सोडून, हातानें आतां काय काय करतां येतें एवढेंच विचारलें. त्या थोड्या वेळ गप्प राहिल्या. मग कणीक तिंबतां येत नाहीं, चकलीचा सोऱ्या दाबवत नाहीं, पण रांगोळी अजून काढतां येते, असें त्यांनीं एकेक करून सांगितलें. तें सांगावयास त्यांना बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ आमच्याजवळ पूर्वींहि होता.